रात्री सव्वा वाजताचं ऊन

तंबूत राहिल्याबद्दल सरकारनं मला पैसे दिले आहेत. पाटबंधारे खात्यात कनिष्ठ अभियंता म्हणून लागलो तेव्हा धरणांच्या सर्वेक्षणासाठी महिनोन्‌महिने रानात मुक्काम असे. खाकी कॅनव्हासची राहुटी, लोखंडी खाट आणि एक कंदील एवढा संसार. रात्री बाहेर कुणी खोकलं की तो चौकीदार आहे की बिबट्या, हे ठरवत उजाडायचं. या सगळ्याबद्दल पगारात भत्ता मिळायचा. रक्कम किरकोळ होती, पण तिच्यामागचं तत्त्व भक्कम होतं. तंबूत राहणं हा त्रास आहे, आणि तो सोसणाऱ्याला भरपाई मिळालीच पाहिजे.

चाळीस वर्षांनी माझ्या जावयानं हे तत्त्व उताणं पाडलं.

मुलगी मीनल आणि जावई अनिकेत फिनलंडमध्ये, हेलसिंकीला लागून असलेल्या एस्पोत राहतात. आम्ही दोघं जूनमध्ये त्यांच्याकडे गेलो होतो. एका संध्याकाळी अनिकेतनं जाहीर केलं की त्यानं उत्तरेला, इनारी नावाच्या तळ्याकाठी तीन रात्रींसाठी तंबू ठरवला आहे. रात्रीचे 240 युरो.

मी मनातल्या मनात रुपये केले आणि विचारलं, "म्हणजे ते आपल्याला देणार ना?"

"बाबा, तो साधा तंबू नाही. ग्लॅम्पिंग आहे."

ग्लॅमर आणि कॅम्पिंग यांचं लग्न लावून हा शब्द जन्माला आला आणि 2016 साली ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशानं त्याला घरात घेतलं. शब्द नवा असेल, पण वस्तू मी पूर्वीच पाहिली होती. कार्यकारी अभियंता पाहणीला यायचे तेव्हा त्यांच्या राहुटीत सतरंजी अंथरली जाई, आरसा टांगला जाई, पितळी घंगाळात गरम पाणी येई आणि कुठून तरी एक कोंबडी गायब होई. आम्ही त्याला ग्लॅम्पिंग म्हणत नव्हतो, 'साहेबांची व्यवस्था' म्हणायचो.

अनिकेतनं लॅपटॉपवर फोटो दाखवला. बर्फात एक भलामोठा पांढरा घुमट. त्याची एक बाजू पूर्ण पारदर्शक. आत पलंगावर एक जोडपं पांघरूण गळ्याशी घेऊन वर बघतंय आणि आकाशभर हिरवा उजेड सांडलाय. नॉर्दर्न लाइट्स! फिनिश लोक त्याला 'रेवोनतुलेत' म्हणतात, म्हणजे कोल्ह्याचे जाळ. कोल्हा पळताना शेपटीनं बर्फ उडवतो, त्याच्या ठिणग्या आकाशाला लागतात, अशी त्यांची जुनी समजूत.

"हिवाळ्यात याचे दुप्पट घेतात," अनिकेत म्हणाला. त्याच्याकडे एक्सेलमध्ये तक्ता होता. "डोम तोच, पलंग तोच, तळं तेच. मग निम्म्या किमतीत जूनमध्ये का जाऊ नये?"

तक्त्यात खोट काढण्यासारखं काहीच नव्हतं. चूक नेहमी अशाच तक्त्यांत असते. खात्यात छत्तीस वर्षं काढून हे मला कळायला हवं होतं. पण सासऱ्यानं जावयाचा हिशेब तपासू नये, हेही मी मीनलच्या लग्नापासून पाळत आलो आहे.

ही तेवढ्यात बॅग भरायला उठली होती. तिनं दोन सोलापुरी चादरी तळाशी घातल्या.

"आई, तिथे उत्तम दुलया असतात गं," मीनल म्हणाली.

"असू देत. दुसऱ्याची दुलई ती दुसऱ्याची दुलई."

हेलसिंकीहून रात्रीची रेल्वे सकाळी रोव्हानिएमीला पोचते. तिथून भाड्याची गाडी आणि वर सव्वातीनशे किलोमीटर. गावाबाहेर पडल्यापडल्या आर्क्टिक वृत्ताची पांढरी रेघ आखलेली आहे. नात ईरा, वय सात, त्या रेघेवरून अकरा वेळा इकडून तिकडे उड्या मारून आली. त्यानंतर रस्ता, झाडं आणि पाणी. फिनलंडचा तीन चतुर्थांश भाग जंगलाखाली आहे आणि त्यांनी आपली तळी मोजून ठेवली आहेत, 1,87,888. शेवटच्या आठापर्यंत मोजणाऱ्या त्या अनोळखी सरकारी नोकराला मी गाडीतूनच नमस्कार केला. त्याचा प्रवासभत्ता किती झाला असेल!

अधूनमधून रस्त्यावर रेनडिअर येतात. देशात दोन लाखांच्या आसपास रेनडिअर आहेत. दिसतात रानटी, पण प्रत्येकाला मालक आहे आणि मालकाची खूण कान कापून केलेली असते. रस्त्याच्या मधोमध उभं राहून जीवनाचा विचार करण्याची पद्धत मात्र थेट आमच्या कऱ्हाडच्या म्हशींची. हॉर्नचा उपयोग नाही. विचार पूर्ण झाला की जातात.

याच प्राण्यानं फिनिश भाषेला अंतराचं एक माप दिलं आहे, 'पोरोनकुसेमा'. रेनडिअर लघुशंकेला न थांबता जेवढं चालतो तेवढं अंतर. साधारण साडेसात किलोमीटर. मीनलनं हे सांगितलं तेव्हा मला फार आनंद झाला. मैल, कोस, योजन या मापांना माणसाच्या अडचणींचा पत्ताच नाही. हे पहिलं माप मला अनुभवाला धरून वाटलं.

"थांबव रे गाडी," तेवढ्यात मी अनिकेतला म्हटलं.

"तुमचं माप चारच किलोमीटरचं दिसतंय," ही म्हणाली.

दुपारी इनारीचं पाणी दिसलं आणि माझ्यातला निवृत्त माणूस पुन्हा नोकरीवर रुजू झाला. फिनलंडमधलं हे तिसऱ्या क्रमांकाचं तळं. 1,000 चौरस किलोमीटरांहून जास्त पसारा, 92 मीटरपर्यंत खोली आणि पाण्यात 3,000 हून अधिक बेटं. लोक 'अहाहा' म्हणत होते. मी साठा काढत होतो. सुमारे साडेपाचशे टीएमसी. कोयनेचा साठा 105. म्हणजे पाच कोयना माझ्यासमोर पसरल्या होत्या, काठावर एकही मोर्चा नव्हता की 'पाणी आमच्या हक्काचं' असा फलक नव्हता. कारण उघड आहे. इनारी ही क्षेत्रफळानं फिनलंडमधली सर्वांत मोठी नगरपालिका, पण माणसं सात हजारांच्या आसपास. डोई पाणी किती येतं ते मी काढायला घेतलं होतं, पण हिनं माझा पेन काढून घेतला.

तंबूंचं ठिकाण गावापासून दोन-तीन पोरोनकुसेमा पुढे होतं. पाइन आणि बर्चच्या झाडांत सहा घुमट, समोर तळं. व्यवस्था बघणारी तिशीतली मुलगी स्वच्छ इंग्रजीत सगळं समजावत होती. जागा तिच्या काकांची. काका जवळच लाकडं फोडत होते. आमच्याकडे बघून त्यांनी मान अर्धा इंच खाली नेली. हे त्यांच्याकडचं भरघोस स्वागत, असं मीनलनं कानात सांगितलं.

डोम खरोखर देखणा होता. पलंगावर सहा उशा, त्यांतल्या दोनच झोपण्यासाठी. खाली रेनडिअरचं कातडं, कोपऱ्यात काचेच्या दाराची शेगडी, एक दुर्बीण आणि कॉफीचं यंत्र. जगात माणशी सर्वांत जास्त कॉफी पिणाऱ्या लोकांत फिनिश माणूस मोडतो, हे त्या यंत्राच्या आकारावरूनच कळत होतं. पारदर्शक भिंतीला एक पांढरा, जाळीदार, अंगठीतून जाईल असा पडदा होता.

"डोमचं तोंड आम्ही अगदी काटेकोर उत्तरेला ठेवलंय," ती मुलगी अभिमानानं म्हणाली. "नॉर्दर्न लाइट्ससाठी."

मी होकायंत्र काढून तपासलं. काटेकोर उत्तरच होती. एका अभियंत्यानं दुसऱ्याच्या कामाला दाद द्यावी तशी मी दाद दिली. तोपर्यंत मला काहीही कळलेलं नव्हतं.

रात्री अकराला आम्ही आडवे झालो. आडवे झालो एवढंच खरं, कारण बाहेर चार वाजताचं वाटावं असं ऊन होतं. इथे उन्हाळ्यात साधारण दोन महिने सूर्य मावळतच नाही, हे आम्हाला माहीत होतं. ते बघायलाच तर आलो होतो. पण सूर्य मावळत नाही म्हणजे तो कुठेतरी असतो, आणि नेमका कुठे असतो, याचा विचार चौघांपैकी एकानंही केला नव्हता.

सर्वेक्षणात आम्ही थिओडोलाइटनं सूर्याचे वेध घेऊन दिशा काढायचो. पडल्यापडल्या तोच हिशेब मांडला. दिवसभर दक्षिणेकडे असणारा सूर्य न मावळता गोल फिरत येतो आणि मध्यरात्री बरोबर उत्तरेला पोचतो. इथल्या घड्याळाप्रमाणे खरी मध्यरात्र सव्वा वाजता होते. त्या वेळी तो क्षितिजापासून जेमतेम दोन अंश वर असतो. म्हणजे त्याची किरणं वरून येत नाहीत, आडवी येतात. तळ्यावरून घसरत, पुढच्या पारदर्शक भिंतीतून, काटेकोर उत्तरेला तोंड केलेल्या पलंगावरच्या माणसाच्या डोळ्यांत.

सव्वा वाजता माझा हिशेब तंतोतंत बरोबर आला. आयुष्यात एवढं अचूक उत्तर मला कधी इतकं नकोसं झालं नव्हतं.

उशीखाली झोपेच्या पट्ट्या ठेवलेल्या होत्या. आम्ही त्या डोळ्यांना बांधल्या. उत्तर ध्रुवाच्या वाटेवरचा तो अलौकिक देखावा, दुर्बिणीसह, पूर्ण भाडं भरून आमच्यासमोर उभा होता आणि आम्ही त्याच्यापुढे डोळे बांधून रांगेनं पडलो होतो. गांधारीनं निदान हस्तिनापुराला भाडं दिलं नव्हतं.

दोन वाजता आतलं तापमान अठ्ठावीस झालं. काचघरात टोमॅटो पिकवतात ते याच तत्त्वावर. अनिकेतनं दाराची चेन बोटभर उघडली आणि फिनलंडच्या रानात इतका वेळ शांतपणे वाट पाहणारी मंडळी आत आली.

डासांच्या या हंगामाला लॅपलंडमध्ये 'रॅक्का' असं स्वतंत्र नाव आहे. आपल्याकडे जसा पावसाळा, तसा त्यांच्याकडे रॅक्का. त्यात नुसते डास नसतात. चावा घेणाऱ्या बारीक काळ्या माश्या असतात, त्याहून बारीक चिलटं असतात आणि मागाहून टपोऱ्या घोडमाश्या येतात. अगदी पंगतीच्या शिस्तीनं, आधी लहान मुलं, मग मोठी माणसं. रेनडिअरसुद्धा यांना कंटाळून वाऱ्याच्या उघड्या डोंगरमाथ्यावर निघून जातात. आम्ही तीन रात्रींचे पैसे आगाऊ भरले होते, त्यामुळे रेनडिअरइतके स्वतंत्र नव्हतो.

दार उघडलं तर डास, बंद केलं तर काचघर. पहाटेपर्यंत, म्हणजे त्याच उन्हात पाच वाजेपर्यंत, आम्ही दोन्ही प्रयोग आलटून पालटून केले.

सकाळी कॉफी घेऊन बाहेर आलो तर किनाऱ्याच्या पुढच्या टोकाला, थोड्याच अंतरावर, एक छोटा हिरवा तंबू दिसला. त्यातून एक तरुण जोडपं बाहेर पडलं. टवटवीत, जांभया देत, आठ तास झोपलेलं. अनिकेत चौकशी करून आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

"ते फुकट राहिलेत," तो म्हणाला.

फिनलंडमध्ये एक जुनी रीत कायद्यानं मानलेली आहे. नाव 'योकामिएहेनओइकेउस'. हा शब्द उच्चारून संपेपर्यंत एक तंबू ठोकून होतो. अर्थ, प्रत्येक माणसाचा हक्क. जमीन कुणाचीही असो, कुणाच्या घराजवळ न जाता, नासधूस न करता कुणीही रानातून चालावं, बोरं-अळंबी वेचावीत आणि एखाद-दोन रात्री तंबू ठोकावा. कुणाला विचारायचं नाही, कुणाला काही द्यायचं नाही. त्यांच्या तंबूचं कापड जाड आणि गडद होतं. पारदर्शक भिंत घेण्याइतके पैसे त्यांच्याकडे नव्हते, म्हणून ते झोपले.

त्याहून मोठा धक्का मला दुपारी बसला. तिथल्या रानात साध्या सरकारी लाकडी झोपड्या आहेत, 'आउतिओतुपा'. दार उघडं, आत शेगडी, लाकडं आणि झोपायला फळ्या. कुणीही राहावं, भाडं नाही. आणि जागा भरलेली असताना आणखी कुणी आला तर? तिथला शिष्टाचार असा, की शेवटी आलेल्याचा हक्क पहिला. आधी आलेल्याची विश्रांती झालेली आहे, त्यानं उठावं. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरत ज्याचं आयुष्य गेलं, त्या माणसाला हे पचायला वेळ लागतो. मी मीनलला तीनदा विचारलं. तिनं तीनदा तेच सांगितलं.

त्या दिवशी इनारी गावात सीदा नावाचं संग्रहालय पाहिलं. सामी लोक हे इथले मूळ रहिवासी. मासेमारी आणि रेनडिअर यांच्यावर जगलेले. त्यांची संसदही याच गावात आहे. या एवढ्याशा वस्तीच्या चार अधिकृत भाषा आहेत, फिनिश आणि तीन सामी, आणि माणसं या चारही भाषांत तितक्याच सुंदर रीतीनं गप्प बसू शकतात. सामींचा पारंपरिक तंबू म्हणजे 'लाव्वू'. उभे वासे, वर पांघरूण, मधोमध चूल आणि शेंड्याला धूर जायला भोक. मी त्याच्याकडे बराच वेळ बघत उभा राहिलो. शतकानुशतकं तंबूत काढलेल्या लोकांना उत्तरेला पारदर्शक भिंत ठेवावी असं एकदाही सुचलं नव्हतं. आकाश बघायला त्यांनी एक भोक ठेवलं होतं, तेही धुरासाठी.

दुसरी रात्र पहिलीसारखीच गेली. फरक एवढाच, की सव्वा वाजता आम्ही सगळे आधीच उठून बसलो होतो आणि ईरा "आला, आला" म्हणून टाळ्या वाजवत होती.

तिसऱ्या दिवशी हिनं बंड केलं. "मला काहीतरी करू दे," असं म्हणून भाजणीची पिशवी घेऊन ती बाहेरच्या चुलीकडे गेली. तिथे पाहुण्यांसाठी एक लाकडी आडोसा, फोडलेली लाकडं आणि तिवईवर ठेवलेलं एक काळंकुट्ट, पसरट, बैलगाडीच्या चाकाएवढं लोखंडी भांडं होतं. त्याला 'मूरिक्का' म्हणतात. हे लोक त्यावर मासे आणि बटाटे परततात. हिनं त्यावरून हात फिरवला, बोटानं टिचकी मारून आवाज ऐकला आणि तीन दिवसांत पहिल्यांदा प्रसन्न हसली. एका वेळी चार थालीपीठं होणारा तवा तिला उभ्या जन्मात मिळाला नव्हता. तो उत्तर ध्रुवाच्या शेजारी निघाला.

खमंग वास रानात गेला आणि काका आले. काही न बोलता ओंडक्यावर बसले. हिनं थालीपीठ आणि लोण्याचा गोळा पुढे केला. काकांनी सावकाश खाल्लं. दुसरं खाल्लं. तिसरं संपल्यावर म्हणाले, "ह्युवॅ."

"म्हणजे काय गं?" हिनं विचारलं.

"चांगलं," मीनल म्हणाली. "आई, हे भाषण होतं. त्यांनी एवढं कुणाला म्हटलेलं मी ऐकलं नाही."

परतफेड म्हणून काकांनी आम्हाला त्यांच्या झोपडीवर नेलं. ही खरी मेख. समोर सहा चकचकीत घुमट चालवणारा हा माणूस स्वतः विश्रांतीसाठी झाडीमागच्या एका ओंडक्यांच्या झोपडीत जातो. वीज नाही, नळ नाही. पाणी तळ्यातून बादलीनं. बर्चच्या गाठीतून कोरलेला लाकडी कप, 'कुक्सा', बुडवायचा आणि प्यायचा. मागे थोड्या अंतरावर 'हूस्सी', म्हणजे लाकडी संडास. तिथे साखळी ओढायची नसते, शेजारच्या डब्यातला भुसा वरून टाकायचा असतो. फिनिश लोक अशा झोपडीला 'म्योक्की' म्हणतात आणि देशात अशी पाच लाखांवर उन्हाळी घरं आहेत. वर्षभर सगळ्या सोयी कमवायच्या आणि सुट्टीत त्यांच्यापासून पळून इथे यायचं. आमच्यासाठी त्यांनी ज्या सोयी विकत घेऊन ठेवल्या होत्या, त्या त्यांना स्वतःला सुट्टीत नको होत्या.

सॉना तर आलाच. सुमारे 56 लाख माणसांच्या देशात 30 लाखांच्या वर सॉना आहेत. 2020 साली युनेस्कोनं या प्रकाराला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत बसवलं. आत ऐंशी अंश. दगडांवर पाणी टाकलं की वाफेचा लोट उठतो, त्याला 'ल्योय्ल्यु' म्हणतात आणि तो पवित्र मानतात. काका निर्वस्त्र, अनिकेत संकोचानं अर्धवट, मी कमरेला पंचा लावून. काकांनी पंच्याकडे एकदा पाहिलं, बर्चच्या डहाळ्यांची जुडी माझ्या हातात दिली आणि पाठ पुढे केली. मी नरकचतुर्दशीला मुलाला उटणं लावावं तितक्या हलक्या हातानं झोडपलं. ते वळून म्हणाले काही नाही, पण माझ्या हातातून जुडी घेऊन मला कसं झोडपायचं ते दाखवलं.

मग तळं. या तळ्यावर जूनच्या सुरुवातीपर्यंतही बर्फ राहू शकतो. म्हणजे मी ज्यात उडी मारली ते पाणी काही आठवड्यांपूर्वी चालायच्या लायकीचं होतं. मी ओरडलो. कोणत्या भाषेत ते आठवत नाही, पण चारही अधिकृत भाषांच्या बाहेरची होती.

वर येऊन अंग पुसताना मी पाण्याकडे हात करून बोटांनी दरवाजे वर-खाली होतात अशी खूण केली. या माणसाला माझा धंदा कळला. त्यांनी वाळूत काडीनं नकाशा काढला आणि इनारीचं पाणी पात्सयोकी नदीतून पुढे बॅरेंट्स समुद्राकडे कसं जातं ते दाखवलं. मधल्या एका ठिकाणी काडी रुतवली आणि म्हणाले, "रशिया." जिथून तळ्याची पातळी राखतात ते काइताकोस्कीचं वीजकेंद्र सीमेपलीकडे आहे. त्या नदीकाठचा एक तुकडा फिनलंडनं 1947 साली सोव्हिएत संघाला विकला आणि 1959 साली फिनलंड, नॉर्वे आणि सोव्हिएत संघ यांनी पाणी किती ठेवायचं याचा करार केला. तळं एकाचं, दरवाजे दुसऱ्याच्या हातात. कृष्णाकाठच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांनी मान पुन्हा अर्धा इंच हलवली. दोन राष्ट्रांचं इतकं परिपूर्ण संभाषण मी आजवर पाहिलं नाही.

निघताना माझं लक्ष झोपडीच्या खिडकीकडे गेलं. तळ्याकडे तोंड, पण आकार जेमतेम वर्तमानपत्राच्या पानाएवढा, आणि तिला आतून जाड फळीचं झाकण. मी मीनलला विचारायला सांगितलं, की एवढा देखावा असून खिडकी एवढीशी का?

काका बराच वेळ गप्प राहिले. मग दोन वाक्यं बोलले. मीनलनं भाषांतर केलं.

"बघायचं असेल तर बाहेर जायचं. घर झोपायला असतं."

त्या रात्री आम्ही काकांकडून शिडी मागून आणली. अनिकेत घुमटाच्या वाशांवर चढला. हिनं बॅगेच्या तळातून दोन सोलापुरी चादरी काढल्या, एक मरून, एक हिरवी. परकराच्या नाड्या, सेफ्टी पिना आणि दुर्बिणीच्या तिवईचा आधार घेऊन ती पारदर्शक भिंत आम्ही वरपासून खालपर्यंत झाकून टाकली. हिरवी चादर पुरत नव्हती तिथे हिची इरकली साडी लावली. आकाश बघायला 720 युरो मोजून आम्ही ते सोलापूरच्या कापडानं बंद केलं. आत मरून रंगाचा मंद अंधार झाला, देवघरात असतो तसा. हवाही थंडावली. मग उपरती होऊन आम्ही सगळे बाहेर आलो, डोक्यावर डासांच्या जाळ्या चढवून धक्क्यावर बसलो आणि सव्वा वाजता तळ्यापलीकडे लोंबकळणारा तो लालभडक गोळा पोटभर पाहिला. ईरा मांडीवर होती. पाणी इतकं स्थिर होतं की दोन सूर्य दिसत होते. कुणी बोललं नाही. हीसुद्धा. मग आत गेलो आणि नऊ वाजेपर्यंत झोपलो.

सकाळी निरोप घेताना ती व्यवस्थापक मुलगी डोममध्ये डोकावली आणि दारातच थांबली. मला वाटलं, भरपाई मागते. तिनं चादरीवर हात फिरवला, उजेडाकडे धरून पाहिली, वीण तपासली आणि दोन फोटो काढले. हिनं मरून चादर घडी घालून काकांच्या हातात दिली. काका म्हणाले, "ह्युवॅ, ह्युवॅ." दोनदा!

आम्ही कऱ्हाडला परत आल्यावर, जुलै अखेरीस, मीनलनं फोनवर एक चित्र पाठवलं. त्याच ठिकाणाची जाहिरात. तोच घुमट, तोच पलंग आणि मागे भिंतभर आमची मरून चादर. खाली इंग्रजीत लिहिलं होतं, 'ग्रीष्मकालीन विशेष: हातमागाचा भारतीय अंधार, रात्रीचे 15 युरो'.

चादर यंत्रमागाची आहे आणि सोलापूरच्या स्टँडसमोर साडेचारशेला घेतलेली आहे. पण मी काही कळवलं नाही. तंबूत राहण्याचा भत्ता मिळवणारा आमच्या घरातला मी शेवटचा, असं मी समजून चाललो होतो. आता त्या चादरीला मिळतो, आणि माझ्यापेक्षा चांगल्या दरानं.